उन्हाळ्यातलं सासर

लग्नाला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत सासरी किती वेळा गेले ते मोजलं, तर पंधरा-सोळा वेळा तरी भरेल. पण दर वेळी एक तर श्रावणात, नाही तर दिवाळीत. उन्हाळ्यात एकदाही नाही. मेअखेरीला घराची कौलं चाळायची असतात म्हणून नवरा दरवर्षी चार दिवस एकटाच जाऊन येतो. आम्ही मायलेकी येतो म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर : "उन्हाळ्यात काय आहे तिथं? पावसात जाऊ."

गेल्या दिवाळीत निघताना थोरल्या जाऊबाईंनी तांदळाचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पावसात समदेच येत्यात. उन्हाळ्यात ये, मंग कळंल." ते वाक्य पुढे सहा महिने डोक्यातून गेलं नाही. यंदा लेकीला मेची सुट्टी होतीच. मी रजा टाकली आणि नवऱ्याला सांगितलं की आम्ही येतोय.

गाव म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या काठाला, रतनवाडीच्या वाटेवरची तीस-पस्तीस उंबऱ्यांची वाडी. सगळी वस्ती महादेव कोळ्यांची. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काजव्यांच्या दिवसांत तिथे आधीच पुष्कळ गाड्या येतात, त्यात आणखी भर माझ्यामुळे नको.

पहिला दिवस : भांडुप ते वाडी

पहाटे ठाण्याहून कसारा लोकल पकडली. कसाऱ्याला स्टेशनबाहेर काळ्या-पिवळ्या जीप उभ्या असतात, त्यातून घाट चढून घोटी. घोटीहून शेंडीपर्यंत एसटी आणि पुढे दिरांची मोटरसायकल दोन फेऱ्यांत. गाडीने जाणाऱ्यांनाही रस्ता हाच : मुंबई-नाशिक महामार्गावरून घोटीला उजवीकडे वळायचं आणि बारीमार्गे शेंडी. पैसे रोख जवळ ठेवा. धरणाच्या पलीकडच्या काठाला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

बारी गाव आलं की नवरा बोलता बोलता थांबतो आणि खिडकीतून कळसूबाईला हात जोडतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पण त्याच्या लेखी ती आधी बाई आहे, मग शिखर. लेकीने गोष्ट पुन्हा सांगायला लावली. काळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, बाकी पडेल ते काम करीन. एके दिवशी तिला तीच कामं करायला लावली. तिने ती केली आणि डोंगर चढून गेली, ती परतलीच नाही. भांडी घासली ते थाळेमेळ आणि केर काढला तो काळदरा. एसटीत पुढच्या बाकावर बसलेली एक म्हातारी मागे वळून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर लेकीला म्हणाली, "आन् आजून बी ती सांगंल त्येच खरं."

श्रावणात हाच रस्ता हिरवा आणि धुक्यात बुडालेला असतो. आता डोंगर तपकिरी, दगड उघडे, सगळ्या घड्या दिसतात. मला वाटलं होतं ओकंबोकं वाटेल. उलट डोंगराचा आकार मला पहिल्यांदाच नीट कळला. इतकी वर्षं मी फक्त त्याच्या अंगावरची शाल बघत होते.

शेंडीला धरणाची भिंत दिसली. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. कागदोपत्री नाव विल्सन धरण, जलाशयाचं ऑर्थर लेक, पण तिथली माणसं नुसतं 'धरान' म्हणतात. ११ टीएमसीचा (म्हणजे ११ अब्ज घनफुटांचा) हा साठा मेअखेरीला इतका उतरलेला असतो की काठाला रुंद मातीचा पट्टा उघडा पडतो, त्याला मोठमोठ्या भेगा. त्या पट्ट्यात मध्येच दगडांची सरळ ओळ दिसली. दीर म्हणाले, "ते जुन्या वावराचे बांध." पाण्याखाली गेलेली शेतं वर्षातून काही आठवडे अशी दिसतात.

घरी पोचताच आत्याबाई (मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते) ओसरीवर तांब्या-पेला घेऊन उभ्या. मी तहानलेली होते, गटागटा प्यायले आणि तळाला राहिलेला घोटभर अंगणातल्या तुळशीत ओतायला गेले. जाऊबाईंनी हळूच पेला हातातून घेतला आणि ते पाणी कोंबड्यांच्या परळात ओतलं. बोलल्या काहीच नाहीत. तुळशीला धुण्याचं गाळलेलं पाणी घालायचं असतं, हे मला संध्याकाळी समजलं.

रात्री जेवायला नागलीची भाकर, आम्ही मुंबईहून नेलेल्या जवळ्यात कैरी घालून केलेलं सुकं, आणि खुरासणीची चटणी. डोंगरात माणसाकडे जाताना मिठाई नेण्यापेक्षा सुकट-बोंबील न्यावेत. आमच्या घरी तरी पेढ्यांचा डबा तीन दिवस तसाच राहिला आणि बोंबलांची पिशवी पहिल्या रात्रीच उघडली.

दुसरा दिवस : झिरा

पहाटे साडेतीनला जाऊबाईंनी हलवलं. "येती का?" एवढंच.

वाडीत नळ आलेले आहेत. प्रत्येक दारात एक, निळ्या पाइपचा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात त्यांना पाणी असतं. होळी झाली की विहीर तळाला जाते आणि नळ बंद. मग बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरा खांदतात. हातभर खोल खड्डा, त्याच्या तळाला वाळूतून पाणी पाझरतं. चांदण्यात आम्ही पाच-सहा जणी रांगेने खाली उतरलो. आमच्याआधी दोघी बसलेल्या होत्याच.

तो झिरा मला अजून जसाच्या तसा दिसतो. घमेल्याएवढं तोंड, कडेला सपाट दगड बसवलेले, आत वीतभर पाणी. जाऊबाई उकिडव्या बसल्या, नारळाची करवंटी तिरकी धरून पाण्याच्या अंगावरून अलगद फिरवली, तळाची वाळू न हलवता. तीन-चार करवंट्या निघाल्या की थांबायचं. पाणी पुन्हा चढेपर्यंत बघत बसायचं. घाई केली की गढूळ होतं आणि मग मागच्या सगळ्यांचा खोळंबा. मी केली घाई. दुसऱ्याच करवंटीला वाळू ढवळली. कुणी रागावलं नाही. रांगेतल्या एका म्हातारीने माझा हात धरून कसा फिरवायचा ते दाखवलं, तिच्या पंजाची पकड माझ्या मनगटावर अजून आहे असं वाटतं. एक हंडा भरायला पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं तेवढं वाडीबद्दल कळलं. कुणाची लेक बाळंतपणाला आलीय म्हणून तिच्या घरी आज एक हंडा जास्त जाणार, कुणाचा नवरा नारायणगावला मजुरीला गेलाय, कुणाच्या म्हशीने पाणी कमी पडलं म्हणून दूध आटवलं. रांगेत नंबर असतो. पण बाळंतिणीचा आणि म्हाताऱ्या माणसाचा हंडा आधी. हा नियम कुणी लिहिलेला नाही. पहाटे चार वाजता, झोपेने डोळे चुरचुरत असताना, तो पाळला जातो.

वर चढताना माझ्या डोक्यावर छोटा हंडा होता. अर्ध्या वाटेत जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यानं तुला उन्हाळ्यात कधी आणली न्हाई, त्याचं वाईट वाटून घेऊ नगं. एक माणूस वाढलं की दोन खेपा वाढत्यात. त्याला ठावं हाय, खेपा कोण करतं ते." मी थांबले. चौदा वर्षं मला वाटत होतं की त्याला उन्हाळ्यातल्या गावाची लाज वाटते. तो वहिनीच्या खेपा वाचवत होता. आणि तीच वहिनी मला बोलावत होती.

घरी आल्यावर नवऱ्याला काही विचारलं नाही. तो आधीच कौलांवर चढला होता.

शाकारणी हे चार माणसांचं काम असतं आणि वाडीत ते पैशावर होत नाही. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. आढ्यापासून सुरुवात करून नळीची कौलं एकेक उतरवायची, शेवाळ खरवडायचं, फुटकी बाजूला काढायची, रीप कुजली असेल तर बदलायची आणि पुन्हा खालून वर लावत न्यायची. मुंबईत दिवसभर एसीत हिशेब तपासणारा माझा नवरा उघड्या पायांनी वाशावर तोल सांभाळत बसला होता आणि खालून कौल फेकलं की एका हाताने झेलत होता. लेक तोंड उघडं टाकून बघत होती. तिने आपला बाप असा कधी पाहिलाच नव्हता. मीही नाही. दुपारी त्याला तिने विचारलं, "बाबा, तुला हे कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "आजोबांनी. पण त्यांनी शिकवलं नाही, वर चढवलं."

मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली. ते मुंबईला आमच्याकडे एकदाच आले. राणीची बाग, चौपाटी काही नको म्हणाले. "ठाण्याचा तुरुंग दाखव," एवढंच मागितलं. त्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिलं. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध महादेव कोळ्यांना उभं करणारा हा माणूस याच तालुक्यातल्या देवगावचा. मामंजींनी बाहेरूनच दगडी भिंत पाहिली, टोपी काढली आणि म्हणाले, "चला घरी." आम्ही ठाण्याला खरेदीला दर आठवड्याला जायचो. त्या भिंतीकडे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

रात्री काजवे. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण मुंबईतून बहुतेक जण यासाठीच जातात.

वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की मेअखेर ते जूनचा मध्य हा त्यांचा काळ. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी ठरावीक झाडं ते धरतात. आमच्या परड्यामागच्या सादड्यावर अंधार पडल्यावर आधी एखाद-दुसरा ठिपका दिसला. आठ वाजता झाड खालून वर पेटत गेलं, मग शेजारचं, मग पुन्हा पहिलं. नर उजेड करून मादीला हाक घालतो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, त्याआधीचं सारं आयुष्य अळी होऊन ओल्या मातीत, गोगलगायी खात. त्या दोन-तीन आठवड्यांत त्याची हाक पोचली पाहिजे.

आणि नेमकं तेव्हाच रस्त्यावरून गाड्यांची रांग आली. हेडलाइट झाडावर पडले आणि झाड विझलं. विझलं म्हणजे अक्षरशः. खाली तरुण मुलं उतरली, टॉर्च, फ्लॅश, स्पीकर. एकाने लेकीच्या वयाच्या पोरासाठी बाटलीत काजवे धरले. दीर शांतपणे गेले, म्हणाले, "दादा, सोडा त्येला. त्यो पावसाचा निरोप्या हाय." मुलाने बाटली उघडली, हे सांगायला हवं.

जाणार असाल तर एवढं करा. शनिवार-रविवार टाळा. गाडी वाडीच्या बाहेर उभी करून दिवे बंद करा आणि चालत जा. टॉर्च लागलीच तर तिच्यावर लाल कागद लावा आणि जमिनीकडे धरा. फोटोचा नाद सोडा, फोनमध्ये येत नाही. झाडाखालच्या गवतात पाय घालू नका, माद्या तिथेच असतात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वन विभागाच्या नाक्यावर सांगतात ती वेळ पाळा. वाडीतलाच माणूस वाटाड्या म्हणून घ्या. त्याला पैसे मिळतात आणि तुम्हाला कुठलं झाड धरलंय ते कळतं.

तिसरा दिवस : हिरडा आणि घाटघर

सकाळी आत्याबाई ओसरीवर बाळहिरडा निवडत होत्या. हिरड्याचं फळ कोवळं असतानाच पाडून उन्हात वाळवतात, चार-पाच दिवसांत ते काळं, सुरकुतलेलं, दगडासारखं कडक होतं. औषधाला आणि कातडी कमवायला जातं. पावसाआधी घरात रोख पैसा येतो तो यातूनच. बियाणं, शाळेच्या वह्या, ताडपत्री सगळं त्यावर. मी तासभर निवडायला बसले तर बोटं काळी झाली, ती मुंबईत परतल्यावरही आठवडाभर तशीच होती. लोकलमध्ये एकीने विचारलं, मेंदी काळी पडली का?

आत्याबाईंनी मग आतून गाडगी काढली. एकात काळभात, एकात जिरवेल, एकात रायभोग, राखेत घोळून कडुलिंबाचा पाला घातलेलं भाताचं बियाणं. राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, भाजून तयार होता, मृगाची वाट होती. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी मुंबईत वर्तमानपत्रात वाचून आत्याबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या होत्या, "चांगलं झालं. म्हंजे आता आमच्या गाडग्याला बी कुणी हसणार न्हाई." आज त्या गाडग्यांत हात घालताना ते आठवलं.

दुपारनंतर दिरांनी जीप मिळवली आणि घाटघरला गेलो. मेमध्ये कोकणकड्यावरून दूरचं स्पष्ट दिसत नाही, हवेत धुरकटपणा असतो. तरी अलंग-मदन-कुलंगची रांग जवळ दिसते, आणि पायाखाली एकदम तुटलेला कडा. या कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला वीतभर अंतरावर पडलेला प्रवरेतून गोदावरीत आणि थेट बंगालच्या उपसागरात. घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा जिल्ह्यात सगळ्यात जास्त पावसाचा.

इथेच घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. २५० मेगावॉट, २००८ साली सुरू झाला. वर एक धरण, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं. रात्री वीज उरते तेव्हा तिच्यावर पाणी खालून वर ओढतात आणि मागणी वाढली की तेच पाणी वरून सोडून वीज करतात. लेकीला हे फार आवडलं. तिने हिशेब मांडला : मशीन रात्री पाणी वर चढवतं आणि मोठीआईपण. जाऊबाई हसल्या. मला हसू आलं नाही. आम्ही भांडुपला राहतो, मुंबईच्या पाण्याचं सगळ्यात मोठं शुद्धीकरण केंद्र आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे येणारं वैतरणा-तानसाचं पाणी याच सह्याद्रीचं. इतका पाऊस झेलणाऱ्या डोंगरात, ११ टीएमसीच्या धरणाला लागून, माझी जाऊ करवंटीने पाणी भरते. खडक पाणी धरत नाही, पाऊस चार महिन्यांत धो-धो वाहून जातो आणि धरणाचं पाणी खालच्या कालव्यांसाठी राखलेलं, ही कारणं मला नवऱ्याने नीट समजावली. समजलीही. पण या वाडीला वर्षभर पुरेल एवढी पाण्याची टाकी वर डोंगरात बांधणं इतकं अवघड आहे, हे मला पटलेलं नाही.

उन्हाळ्यात या बाजूला मुक्काम करणार असाल, तर पिण्याचं पाणी घोटी किंवा शेंडीहून पुरेसं घेऊन जा. ज्यांच्या घरी जेवाल त्यांना आदल्या दिवशी सांगा, दोन वेळच्या आंघोळीची अपेक्षा धरू नका, आणि ताटलीऐवजी पळसाची पत्रावळ चालेल असं स्वतःहून सांगा. घासायचं भांडं एक कमी झालं तरी कुणाच्या तरी डोक्यावरचं ओझं कमी होतं.

चौथा दिवस : रतनवाडी आणि परत

सकाळी लवकर अमृतेश्वराला. रतनगडाच्या पायथ्याचं हे दगडी देऊळ मी पावसात निदान दहा वेळा पाहिलं होतं, छत्री सांभाळत, घसरत. कोरड्या दगडावर सकाळचं तिरपं ऊन पडलं होतं आणि पहिल्यांदाच कोरीव काम एकेक करून नजरेला लागलं. पुष्करणीचं पाणी खाली गेलेलं, त्यामुळे कोनाड्यांतल्या मूर्ती पायापर्यंत दिसत होत्या. पुजारी म्हणाले, "कोरीव काम बघायचं तर मेमधी यावं." प्रवरा याच डोंगरात उगम पावते. आता नदीचं पात्र म्हणजे नुसते गोटे. लेकीने त्यातला एक गुळगुळीत गोटा खिशात घातला.

वाटेत करवंदं भरपूर, आळूची फळं पिकून पडलेली. आळू ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी शेंडीच्या बाजारात विचारावं. वरून तपकिरी, आतून चिक्कूसारखं मऊ आणि थोडं आंबूस.

दुपारी निघालो. कौलं लावून झाली होती, आढ्यावरची शेवटची ओळ नवऱ्याने बसवली आणि खाली उतरून घराकडे नुसता बघत उभा राहिला. आत्याबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

जाऊबाईंनी आमच्या तिन्ही बाटल्या भरून दिल्या, काठोकाठ. मी नको म्हणाले, शेंडीला विकत घेऊ म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. ते झिऱ्याचं पाणी होतं, म्हणजे पहाटेची कुणाची तरी खेप होती. मग वाटेपर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "बघितला ना उन्हाळा? आता पाऊस बघाया येऊ नगं. आवणीला ये. माणूस कमी पडतंय."

आवणी म्हणजे भातलावणी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्याची रजा टाकली आहे. लेकीच्या शाळेला चार दिवसांचा अर्ज द्यायचा आहे. पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं इरलं कुठे मिळतं ते नवऱ्याने दिरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, विकत घेऊ नको, मी दोन विणून ठेवतो.